पाठीच्या कण्याचे सांधे आणि बंध

विल्हेल्म रंटगेन यांनी 1895 साली क्ष-किरणांचा शोध लावल्यापासून जिवंत माणसाचा पाठीचा कणा डोळ्यांना दिसू लागला खरा. परंतु त्या छायाचित्रात मुख्यतः हाडांचीच छाया उमटत असल्यामुळे, कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके, आणि त्या मणक्यांच्या दरम्यान दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या म्हणजे निव्वळ रिकाम्या जागा, असा समज सुशिक्षित माणसाच्याही मनात नकळत घर करून बसला. वस्तुतः त्या जागांतच कण्याचे मर्म आहे. हाड भार पेलते. पण किती वाकावयाचे, कोणत्या दिशेस वळावयाचे, कोठे थांबावयाचे, आणि आतून जाणाऱ्या मज्जारज्जूला धक्का न लागता हे सारे कसे साधावयाचे, याचा निर्णय हाडांमधले सांधे आणि त्या सांध्यांना आवळून धरणारे अस्थिबंध करीत असतात. पाठीच्या दुखण्याने गांजलेल्या रोग्याला ‘हाडात काही दोष नाही’ असा निर्वाळा मिळतो आणि तरीही त्याची कळ तसूभर कमी होत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा अशा भागात असतो की ज्याची छाया त्या चित्रात पडतच नाही. म्हणून मणक्यांचे वर्णन थोडक्यात आटोपून त्यांच्या मधल्या जागेतच अधिक काळ थांबावे, असे मी योजिले आहे.

गर्भावस्थेत मणके सामान्यतः 33 असतात. मानेचे 7, पाठीचे 12, कंबरेचे 5, त्रिकास्थीचे 5 आणि माकडहाडाचे बहुधा 4. यांपैकी शेवटच्या दोन समूहांतील मणके वयोमानाने परस्परांत मिसळून जातात, आणि हालचालीची मुभा असलेले असे वरचे 24 तेवढे उरतात. मणक्याचा पुढचा भाग भरीव व जाड असतो. त्यास मणक्याचे शरीर म्हणावे. मागच्या अंगास हाडाची कमान असते, आणि शरीर व कमान यांच्या मधली छिद्रे एकाखाली एक येऊन जी नलिका सिद्ध होते तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. कमानीपासून मागे एक काटा निघतो, तो पाठीवरून हात फिरविला असता बोटांना लागतो. दोन्ही बाजूंस आडवे फाटे असतात. आणि वर दोन व खाली दोन असे सांध्यासाठी राखलेले चार लहान प्रवर्ध असतात. त्यामुळे दोन मणके जेथे भेटतात तेथे एक नव्हे, तीन सांधे असतात. पुढे शरीराशरीरांमधला एक, आणि मागे कमानींमधले दोन. हे तिघे एकाच कारभाराचे भागीदार आहेत, आणि एकात बिघाड झाला की त्याचा बोजा उरलेल्या दोघांवर पडल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांचे लक्ष हाडांइतकेच या सांध्यांकडेही वळले होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील सांधे 210 सांगितले असून त्यांपैकी 24 पृष्ठवंशात गणले आहेत. आकारावरून सांध्यांचे आठ प्रकार पाडून मानेच्या आणि पृष्ठवंशाच्या सांध्यांना ‘प्रतर’ या वर्गात घातले आहे. हाडे बांधणाऱ्या तंतुमय पदार्थांना तेथे स्नायू म्हटले आहे, आणि त्यांची संख्या 900 दिली आहे. फळ्या जोडून केलेली नौका अनेक बंधनांनी नीट आवळलेली असली म्हणजेच ती पाण्यावर माणसांचा भार वाहू शकते, त्याप्रमाणे सांध्यांत गुंतलेल्या या बंधांमुळेच मनुष्यदेह भारक्षम होतो, असा दृष्टांत सुश्रुताने दिला आहे. आणि त्याच ओघात, हाडे, शिरा किंवा सांधे यांच्या इजेपेक्षा या बंधांची इजा माणसाचा अधिक घात करते, असेही बजावले आहे. त्या संख्या आजच्या शवविच्छेदनाशी जुळत नाहीत, आणि गणनेची पद्धतच निराळी असल्यामुळे त्या जुळाव्यात अशी अपेक्षाही धरू नये. परंतु बळ फळीत नसून बांधणीत आहे, हे ज्याने ओळखले त्याची दृष्टी योग्य ठिकाणी पोहोचली होती, याविषयी मला संशय वाटत नाही.

पुढच्या सांध्यापासून आरंभ करू. दोन मणक्यांच्या शरीरांमध्ये एक जाड चकती असते. व्यवहारात तिला गादी म्हणतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये ती नसते. तेथून खाली, कंबरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्या दरम्यानची चकती धरून, त्या एकूण 23 भरतात, आणि सर्वांची जाडी एकत्र केली तर ती कण्याच्या लांबीच्या सुमारे चतुर्थांश होते. चकतीच्या मध्यभागी मऊ, बुळबुळीत गर असतो. गर्भाच्या आरंभीच्या आठवड्यांत मणके निर्माण होण्यापूर्वी पाठीच्या मध्यरेषेवर जो कोमल पृष्ठरज्जू असतो, त्याचाच हा अवशेष होय. तरुणपणी या गरात पाण्याचे प्रमाण चार पंचमांशांहून अधिक असते, आणि ते पाणी धरून ठेवणारे प्रथिन व शर्करा यांचे प्रचंड रेणू त्यात विखुरलेले असतात. गराभोवती तंतूंचे भक्कम कडे असते. ते एकसंध नसून एकात एक बसविलेल्या 15 ते 25 थरांचे बनलेले असते. प्रत्येक थरातील तंतू परस्परांना समांतर पण तिरपे जातात, आणि लगतच्या थरात त्यांचा तिरपेपणा नेमका उलट दिशेचा असतो.

ही तिरपी वीण उगाच केलेली नाही. कण्यावर वरून भार आला म्हणजे मधला पाणीदार गर दाबला जातो. पाणी दाबले जाऊन आक्रसत नसल्यामुळे तो दाब सर्व दिशांना सारखा पसरतो. आणि बाहेर ढकलल्या जाणाऱ्या गराला कड्याचे तंतू ताणले जाऊन आवरून धरतात. वरून आलेला दाब अशा रीतीने बाजूच्या ताणात रूपांतरित होतो, आणि ताण सोसण्यात तर तंतूंचा हातखंडा. शरीर एका बाजूस पिळले की एका दिशेचे थर ताठ होतात आणि दुसऱ्या दिशेचे सैल पडतात. उलट पिळले की पाळी बदलते. याचा एक परिणाम असा की, पीळ पडताना कड्याचे निम्मेच तंतू प्रतिकाराला उभे राहतात, आणि म्हणून ओझे उचलून वाकलेल्या स्थितीत कंबर पिळणे ही चकतीची सर्वांत कठोर परीक्षा ठरते.

प्रौढ माणसाच्या चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिनी नसते. रक्तवाहिन्यांवाचून जगणारा एवढा मोठा अवयवभाग शरीरात दुसरा नाही. तिला लागणारी रसद, वर आणि खाली मणक्याला चिकटून असलेल्या कूर्चेच्या पातळ पत्र्यांतून पाझरत येते आणि टाकाऊ द्रव्ये त्याच वाटेने परत जातात. दिवसभर उभे राहण्या-बसण्याच्या भाराने चकतीतील पाणी थोडेथोडे पिळून निघते, आणि रात्री आडवे झाल्यावर गर ते पुन्हा शोषून घेतो. त्यामुळे माणूस सकाळी जितका उंच असतो त्याहून सायंकाळी एक ते दोन सेंटिमीटरने ठेंगणा होतो. भाररहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांची उंची तर पाच सेंटिमीटरपर्यंत वाढलेली आढळली आहे, आणि त्यांपैकी पुष्कळांना तेथे कंबरदुखीही जडते. पाण्याने तट्ट भरलेली सकाळची चकती वाकताना अधिक ताणली जाते. म्हणून ज्याची पाठ दुखरी आहे त्याने उठल्याबरोबर पहिल्या तासाभरात कंबरेत वाकून घागर किंवा बादली उचलण्याचे टाळावे, हा सल्ला शास्त्राला धरून आहे.

आल्फ नाकेमसन या स्वीडिश शल्यविशारदाने 1960 नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या कंबरेतील चकतीत दाब मोजणारी सुई घालून पाहिली. निजलेल्या स्थितीत दाब सर्वांत कमी, उभ्याने त्याहून अधिक, आणि पुढे वाकून हातात वजन धरले असता कितीतरी पट अधिक, असे त्याला आढळले. या दाबाखाली कड्याचा मागचा, तुलनेने पातळ असलेला भाग भेगाळला म्हणजे आतला गर त्या भेगेतून मागे सरकतो. चकती काही जागची निसटत नाही. ती वरखाली मणक्यांना इतकी घट्ट जोडलेली असते की ते संभवतच नाही. बाहेर येतो तो गर, आणि तो बाजूने निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी भिडला की नितंबापासून पोटरीपर्यंत, कित्येकदा थेट पावलापर्यंत, कळ धावते. आयुर्वेदात जिला गृध्रसी म्हणतात ती व्यथा बहुतेक वेळा हीच. आश्चर्य हे की, या व्यथेचे हे कारण वैद्यकाला पटले ते बॉस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी 1934 साली आपला निबंध प्रसिद्ध केल्यानंतर. तोवर शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या अशा गाठी कूर्चेचे अर्बुद म्हणून दप्तरी नोंदल्या जात असत. बाहेर आलेला गर पुष्कळ रोग्यांत काही महिन्यांत आपोआप विरघळून जातो, ही गोष्टही तितकीच खरी असून घाबरून गेलेल्या रोग्यास ती आवर्जून सांगितली पाहिजे.

मागचे दोन सांधे निराळ्या जातीचे आहेत. गुडघ्यातल्याप्रमाणे येथे गुळगुळीत कूर्चेचे दोन पृष्ठभाग, त्यांच्यामध्ये वंगणाचा द्रव आणि सभोवती पातळ पिशवी असते. त्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या पृष्ठभागाच्या कोनात आहे. मानेत हे पृष्ठभाग सुमारे 45 अंशांनी तिरपे असल्यामुळे मान सर्व दिशांना मोकळेपणाने फिरते. छातीच्या भागात ते पुष्कळसे उभे होऊन मागे-पुढे तोंड करतात. तेथे वळण्याची सोय आहे, पण फासळ्या तिला आवर घालतात. कंबरेत ते अगदी उभे होतात आणि त्यांची तोंडे आत-बाहेर वळतात. तेथे पुढे-मागे वाकणे सुलभ, परंतु वळणे जवळजवळ बंद. कंबरेच्या प्रत्येक पातळीवर एक-दोन अंशांपलीकडे वळण मिळत नाही. ‘कंबरेत वळलो’ असे जे आपण म्हणतो, ते वळण प्रत्यक्षात छातीच्या मणक्यांत आणि खुब्याच्या सांध्यांत झालेले असते. एकाच घाटाचा सांधा केवळ कोन बदलून तीन ठिकाणी तीन स्वभावांचा व्हावा, यातील काटकसर मला शरीररचनेच्या अभ्यासात वारंवार विस्मित करीत आली आहे.

आता अस्थिबंध. मणक्यांच्या शरीरांच्या पुढून, मानेच्या माथ्यापासून त्रिकास्थीपर्यंत, एक रुंद आणि बळकट पट्टा उतरतो. तो कण्याला फाजील मागे वाकू देत नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने प्रसार केला त्या सूर्यनमस्कारात छाती उचलून मान मागे नेताना जो ताण जाणवतो, त्यात पोटाच्या स्नायूंबरोबर या पट्ट्याचाही वाटा असतो. दुसरा पट्टा शरीरांच्या मागून, म्हणजे मज्जारज्जूच्या नलिकेच्या आतून जातो. हा पहिल्याइतका भक्कम नाही. चकतीसमोर तो रुंदावतो आणि मणक्यासमोर अरुंद होतो, आणि कंबरेत तर, जेथे भार सर्वाधिक, तेथेच तो सर्वांत चिंचोळा होतो. मध्यरेषा त्याच्या कबजात राहते, पण दोन्ही बाजूंचे कोपरे उघडे पडतात. म्हणूनच फाटलेल्या चकतीचा गर बहुधा सरळ मागे न येता कोपऱ्यातून बाहेर पडतो, आणि नेमका तेथूनच मज्जातंतूचे मूळ जात असते.

सर्व बंधांत अनोखा बंध म्हणजे एका कमानीपासून दुसरीपर्यंत जाणारा पीतबंध. बाकीचे बंध शुभ्र, न ताणणाऱ्या तंतूंचे; हा मात्र पिवळा, कारण याचा बहुतांश भाग स्थितिस्थापक तंतूंचा. माणूस ताठ उभा असतानाही तो किंचित ताणलेलाच असतो. ही तजवीज फार मोलाची आहे. पुढे वाकल्यावर कमानी परस्परांपासून दूर जातात आणि पुन्हा सरळ झाल्यावर जवळ येतात. त्या वेळी मधला बंध साध्या दोराचा असता तर तो सैल पडून त्याची घडी नलिकेत शिरली असती आणि तिने मज्जारज्जूला दाबले असते. पीतबंध आपोआप आखडत असल्यामुळे नलिकेची आतली भिंत सदैव सपाट राहते. क्विंके या जर्मन वैद्याने 1891 साली कंबरेतून सुई घालून मज्जाजल काढण्याची रीत प्रचारात आणली, तेव्हापासून आजतागायत प्रत्येक तरबेज हाताला हा बंध ओळखीचा आहे. सुई काट्यांच्या मधून आत जाता जाता एका चिवट अडथळ्याशी येते, आणि तो पार होताच हाताखालचा प्रतिकार एकदम नाहीसा होतो. कंबरेतून भूल देणारा वैद्य त्या क्षणाची वाट पाहत असतो.

काट्यांच्या मधले आणि काट्यांच्या टोकांवरून जाणारे बंध पुढे वाकण्याची हद्द ठरवितात. मानेत त्यांच्या जागी एक उभा तंतुमय पडदा असतो. बैल, घोडा यांच्यासारख्या, मान पुढे काढून चरणाऱ्या जनावरांत तो अतिशय जाड व स्थितिस्थापक असून डोक्याचा बराचसा भार तोच तोलतो, पण दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या माणसात त्याचे ते महत्त्व उरलेले नाही. फ्लॉइड आणि सिल्व्हर या इंग्लिश संशोधकांनी 1955 साली पाठीच्या स्नायूंतील विद्युत्प्रवाह मोजून दाखविले की, माणूस पूर्ण वाकला म्हणजे पाठीचे स्नायू जवळजवळ स्तब्ध होतात, आणि धडाचा भार बंधांच्या व चकत्यांच्या हवाली होतो. कोकणात भाताची लावणी करणाऱ्या बायका दिवसचे दिवस चिखलात कंबरेत दुमडून काम करतात. ऊसतोड कामगारही बुडख्याशी वाकून कोयता चालवितात. अशा दीर्घकाळच्या ताणाखाली बंध हळूहळू लांबतात आणि ताण सुटल्यावरही पूर्वस्थितीला यायला त्यांना वेळ लागतो. तेवढ्या अवधीत सांध्यावरचा त्यांचा बंदोबस्त ढिला असतो. वाकून काम संपताच लगोलग उसाची मोळी डोक्यावर घेणे म्हणूनच धोक्याचे. मध्ये चार पावले ताठ चालण्याची सवड त्या कष्टकऱ्याला मिळाली पाहिजे, आणि ती देणे हे ज्याच्या हाती आहे त्याने ती द्यावी, असे मला मनापासून वाटते.

मानेच्या माथ्यावरचे दोन मणके इतर सर्वांहून वेगळे आहेत. पहिल्याला, शीर्षधराला, शरीरच नाही. तो नुसते कडे आहे, आणि त्याच्या वरच्या दोन उथळ वाट्यांत कवटीचे दोन उंचवटे बसतात. होकारार्थी मान हलते ती मुख्यत्वे येथे. दुसऱ्याच्या, म्हणजे अक्षाच्या, शरीरातून एक दंतासारखा सुळका वर निघून शीर्षधराच्या कड्यात शिरतो. गर्भवाढीच्या इतिहासात हा सुळका शीर्षधराचेच शरीर होता आणि पुढे अक्षाला चिकटला. त्याच्याभोवती शीर्षधर कवटीसह फिरतो तेव्हा नकारार्थी मान हलते, आणि मान वळविण्याच्या एकूण आवाक्यापैकी सुमारे निम्मा आवाका या एकाच पातळीवर मिळतो. सुळक्याच्या मागे लगेच मज्जारज्जू आहे. या दोहोंमध्ये एक आडवा, जाड बंध आहे, आणि सुळक्याला तो कड्याच्या पुढच्या भिंतीशी जखडून ठेवतो. कड्याच्या पोकळीचा ढोबळ हिशेब असा मांडतात की, एक तृतीयांश सुळका, एक तृतीयांश मज्जारज्जू आणि एक तृतीयांश मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवरच आपण निर्धास्त असतो. सुळक्याच्या माथ्यापासून कवटीकडे तिरपे जाणारे आणखी दोन आखूड बंध मान फाजील वळू देत नाहीत. संधिवाताच्या एका जुनाट प्रकारात आडवा बंध झिजून ढिला पडतो, आणि अशा रोग्याला दुसऱ्याच कारणासाठी भूल देताना मान मागे करावयाची झाल्यास वैद्याला आधी तिची खातरजमा करून घ्यावी लागते. मानेला झटका देऊन कटकन आवाज काढण्याची जी चाल आपल्याकडील केशकर्तनालयांत आढळते, तिच्यापासून माणसाने दूर राहावे, हे या रचनेकडे पाहिल्यावर वेगळे सांगावे लागू नये.

कण्याचा तळ श्रोणीशी जोडला जातो तो त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांनी. शरीरातील सर्वांत बळकट बंधांपैकी काही येथे आहेत, आणि हालचाल जेमतेम काही अंशांची. गरोदरपणी अंतःस्रावांच्या प्रभावाने हे बंध थोडे सैलावतात. प्रसूतीसाठी ते आवश्यकच, पण पुष्कळ स्त्रियांना त्या काळी कंबरेच्या तळाशी जी ठणक लागते तिचे एक कारण हेही असते.

वाढत्या वयाबरोबर गरातील पाणी धरून ठेवणारे रेणू कमी होतात, चकती सुकून खाली बसते, आणि तिच्या उंचीवर अवलंबून असलेली सारी बांधणी बदलते. मणके जवळ आल्याने मागच्या सांध्यांवर पूर्वी नसलेला भार येतो. ते झिजतात, कडांना हाड वाढते. पीतबंधातील स्थितिस्थापक तंतू घटून त्यांची जागा राठ तंतू घेतात, तो जाड होतो, आणि ज्या घडीपासून नलिकेला वाचविण्यासाठी तो होता तीच घडी आता त्याच्यात पडू लागते. उट्रेख्ट येथील फरबिस्ट याने 1954 साली या अरुंद झालेल्या नलिकेचे वर्णन केले. असा वृद्ध माणूस थोडे चालला की त्याचे पाय जड होतात, मुंग्या येतात, आणि त्याला थांबावे लागते. पण तोच माणूस पुढे वाकून काठीवर किंवा हातगाडीच्या दांड्यावर रेलला, अथवा ओट्यावर टेकून बसला, की काही मिनिटांत त्याला आराम पडतो, आणि सायकल तर तो पुष्कळ वेळ चालवू शकतो. वाकल्याने पीतबंध ताणला जाऊन त्याची घडी मोडते आणि नलिका तेवढ्यापुरती रुंदावते, हे त्याचे कारण. पायांत रक्त कमी पोहोचल्यामुळे येणारे दुखणे वरवर पाहता असेच असते, पण ते उभ्या उभ्या नुसते थांबल्यानेही शमते. म्हणून रोग्याला कशाने बरे वाटते हा प्रश्न वैद्य बारकाईने विचारतो. औषध व व्यायाम यांनी भागले नाही, आणि पायांतील शक्ती क्षीण होऊ लागली, तर शल्यविशारद कमानीचा काही भाग आणि तो जाड झालेला पीतबंध काढून मज्जातंतूंना वाट मोकळी करून देतो.